माळ्यावर सापडलेला स्नेअर ड्रम किती जुना? लडविगचं मॉडेल आणि काळ असा ओळखा

समजा, जुन्या घराची आवराआवर सुरू आहे. माळ्यावरून धुळीनं माखलेली एक गोल पेटी खाली येते. उघडून बघितली तर आत एक ड्रम. धातूचा, क्रोम चढवलेला, खालच्या बाजूला तारांची पट्टी आणि अंगावर एक छोटासा बिल्ला, त्यावर लिहिलंय 'लडविग'. घरात कुणीतरी कधीकाळी बँडमध्ये वाजवायचं, एवढंच सगळ्यांना माहीत.

आता घरात तीन मतं पडतात. एक म्हणतो, भंगारात द्या, किलोवर जाईल. दुसरा म्हणतो, फोटो काढून ऑनलाइन टाका, जे येतील ते येतील. तिसऱ्यानं कुठंतरी वाचलेलं असतं, की बीटल्सच्या रिंगो स्टारकडे लडविगचाच ड्रम होता, त्यामुळे तो लगेच लाखांचा हिशोब मांडायला लागतो.

तिघांपैकी कुणाचं ऐकायचं, हे ठरतं एकाच गोष्टीवरून. हा ड्रम नेमका कोणता आणि कधीचा? कारण लांबून सारखेच दिसणारे दोन ड्रम, त्यातला एक पितळेचा आणि दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा, यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. आणि हा फरक विकणाऱ्याला माहीत नसेल, तर तो घेणाऱ्याला नक्की माहीत असतो.

म्हणूनच आज बघू, जुना लडविग स्नेअर ओळखायचा कसा.

आधी स्नेअर म्हणजे काय ते बघू

ड्रम सेटमध्ये वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये जो चपटा ड्रम असतो, तो स्नेअर. त्याच्या खालच्या पुडीला तारांची पट्टी टेकलेली असते. वर काठी पडली की खालची पुडी थरथरते, तारा तिच्यावर आपटतात आणि तो ओळखीचा 'सर्र-टप्प' आवाज येतो. आपल्या ताशाचा कडकडाट नुसत्या ताणलेल्या पुडीचा असतो, स्नेअरमध्ये त्यात तारांची भर पडते. बँडवाल्यांचा साइड ड्रम हा त्याचाच भाऊबंद.

याचे भाग लक्षात ठेवा, पुढे लागतील. मधला गोल सांगाडा म्हणजे शेल. पुडी दाबून धरणारी वरची-खालची कडी म्हणजे हूप. शेलवर बसवलेले, ज्यात ताणाचे स्क्रू जातात ते ठोकळे म्हणजे लग. तारा लावायचा-सोडायचा खटका म्हणजे थ्रो-ऑफ.

पहिला नियम : हात लावण्याआधी फोटो

ड्रम मिळाला की बहुतेक लोक सगळ्यात आधी तो घासून चकचकीत करतात. नेमकं हेच करायचं नाही. बिल्ल्यावरचा रंग, आतला शिक्का, क्रोम उडालेल्या जागा, जुन्या स्क्रूंचा गंज, या सगळ्या खुणा म्हणजे त्या ड्रमची जन्मपत्रिका असते. पॉलिश मारलं की ती पुसली जाते आणि परत मिळत नाही.

आधी चारही बाजूंनी फोटो काढा. बिल्ल्याचा जवळून फोटो घ्या. पुडी काढणार असाल तर आतल्या भिंतीचाही घ्या. नवीन भोक पाडायचं नाही, हरवलेला भाग घाईघाईत बदलायचा नाही आणि मोडका भागही फेकायचा नाही.

नावातच अर्धी गोष्ट आहे

लडविगचा काळ ओळखायचा तर कंपनीची गोष्ट माहीत पाहिजे, कारण ती थेट बिल्ल्यावर लिहिलेली आहे.

विल्यम लडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोमध्ये 'लडविग अँड लडविग' ही कंपनी सुरू केली. १९१८ च्या फ्लूच्या साथीत थिओबाल्ड गेला. पुढे १९२९ मध्ये ही कंपनी कॉन या मोठ्या वाद्यकंपनीकडे गेली आणि कामकाज इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात हललं.

विल्यमचं मन काही तिथं रमलं नाही. १९३७ मध्ये त्यानं शिकागोत पुन्हा स्वतःची कंपनी काढली. पण अडचण अशी, की 'लडविग' हे नाव आता कॉनच्या मालकीचं. म्हणजे माणसाला स्वतःचंच आडनाव स्वतःच्या ड्रमवर लावता येईना. मग त्यानं आपल्या नावाची आद्याक्षरं घेतली आणि कंपनी झाली 'डब्ल्यूएफएल'. शेवटी १९५५ मध्ये त्यानं कॉनकडून आपलं नाव परत विकत घेतलं.

पुढे १९८१ मध्ये सेल्मर कंपनीनं लडविग घेतली आणि काही वर्षांतच उत्पादन शिकागोतून नॉर्थ कॅरोलायनातल्या मनरो गावी गेलं.

आता याचा उपयोग बघा.

बिल्ल्यावर 'लडविग अँड लडविग, शिकागो' असेल, तर ड्रम बहुधा १९२९ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा.

त्याच नावासोबत 'एल्कहार्ट' असेल, तर तो कॉनच्या काळातला.

'डब्ल्यूएफएल' असेल, तर १९३७ नंतरचा. नाव परत मिळाल्यावर काही वर्षं 'डब्ल्यूएफएल' आणि 'लडविग' अशी दोन्ही नावं असलेले संक्रमणाच्या काळातले बिल्लेही निघाले.

'मनरो' असेल, तर १९८० च्या दशकाच्या मध्यानंतरचा.

आणि नुसतं 'लडविग, शिकागो' असेल, तर पुढचा सगळा तपास तुमच्यासाठी.

बिल्ल्याचा आकार बघा

दगडी कमानीच्या माथ्यावर मधोमध एक दगड बसवतात, वर रुंद आणि खाली निमुळता. इंग्रजीत त्याला कीस्टोन म्हणतात. १९६० च्या सुमारास लडविगनं याच आकाराचा पितळी रंगाचा बिल्ला आणला. संग्राहक ज्याच्या मागे धावतात तो हाच 'कीस्टोन बिल्ला'. हा साधारण १९६९ पर्यंत चालला.

त्यानंतर आला निळा आणि ऑलिव्ह रंगाचा बिल्ला. आधी त्याचे कोपरे टोकदार होते, १९७९ च्या सुमारास ते गोलसर झाले. म्हणजे नुसत्या कोपऱ्यावरूनसुद्धा ड्रम सत्तरच्या दशकातला की ऐंशीच्या सुरुवातीचा, याचा अंदाज येतो.

पण एक सापळा आहे. कीस्टोन आकार लोकांना इतका आवडतो, की कंपनीनं नंतरच्या काळात तो परत आणला. त्यामुळे कीस्टोन दिसला म्हणजे साठच्या दशकातला, असं डोळे मिटून म्हणायचं नाही. दुसरं म्हणजे बिल्ला शेलवरच्या हवेच्या भोकात एका धातूच्या रिंगनं अडकवलेला असतो आणि तो काढून दुसऱ्या ड्रमवर बसवता येतो. रिंग वाकडी झालीय का, बिल्ल्याभोवती ओरखडे आहेत का, बिल्ला सैल फिरतोय का, हे नीट बघा.

सीरियल नंबर : मदत करतो, पण ओळीत नाही

लडविगनं बिल्ल्यावर सीरियल नंबर टाकायला सुरुवात केली १९६३ च्या शेवटी-१९६४ च्या सुरुवातीला. त्यामुळे कीस्टोन बिल्ला आहे पण नंबर नाही, तर ड्रम बहुधा १९६० ते १९६३ या काळातला. संग्राहकांच्या भाषेत 'प्री-सीरियल'.

आणि इथंच बीटल्स येतात. १९६३ मध्ये लंडनच्या ड्रम सिटी दुकानात रिंगोला लडविगचा एक सेट आवडला, मुख्यतः त्याच्या काळ्या-करड्या मोतिया रंगामुळे. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स 'एड सलिव्हन शो'मध्ये वाजले, तेव्हा ७ कोटींहून जास्त अमेरिकन टीव्हीसमोर बसले होते आणि पडद्यावर रिंगोच्या मोठ्या ड्रमवर 'लडविग' ठळक दिसत होतं. त्यानंतर मागणी इतकी वाढली, की शिकागोचा कारखाना रात्रंदिवस चालू ठेवावा लागला. दशक संपताना नंबर सहा लाखांच्या पुढे गेले होते आणि सत्तरच्या दशकात ते सात आकड्यांवर पोचले.

म्हणजे नंबर जितका मोठा, तितका ड्रम नंतरचा, असं सरळ गणित करायचं का? ढोबळ मानानं हो, पण काटेकोर नाही. कारखान्यात बिल्ले ढिगानं ठेवलेले असायचे आणि हाताला येईल तो लावला जायचा. त्यामुळे नंबर ओळीनं लागलेच नाहीत. इंटरनेटवर नंबरावरून वर्ष सांगणारे तक्ते मिळतात, ते संग्राहकांनी हजारो ड्रम बघून बांधलेले अंदाज आहेत. वर्ष-दोन वर्षं इकडे-तिकडे धरूनच चला.

आता शेल : खरा पैसा इथं आहे

बिल्ला बदलता येतो, पुडी बदलता येते, हूपही बदलता येतो. शेल म्हणजे मात्र ड्रमचा देह. म्हणून जाणकार सगळ्यात जास्त वेळ शेलवर घालवतात.

आधी मापं घ्या. व्यास आणि खोली, दोन्ही शेलची मोजा, हूपसकट नाही. लडविगचे बहुतेक स्नेअर १४ इंच व्यासाचे. खोली ५ इंच की ६.५ इंच, यावर मॉडेल बदलतं. मग एका बाजूचे लग मोजा.

धातूचा शेल, मध्ये गोल फिरणारा उंचवटा, क्रोम आणि १० लग, असं असेल तर तुमच्या हातात 'सुप्राफोनिक' घराण्यातला ड्रम आहे. ५ इंचीचा नंबर ४००, ६.५ इंचीचा ४०२. स्टुडिओत सगळ्यात जास्त रेकॉर्ड झालेला स्नेअर म्हणून याचं नाव घेतलं जातं. लेड झेपलिनचा जॉन बॉनम ६.५ इंची वाजवायचा.

तसाच शेल, पण क्रोम नाही, करडा-मंद रंग आणि ८ लग असतील, तर तो 'अ‍ॅक्रोलाइट'. हा विद्यार्थ्यांसाठी आणलेला स्वस्त ड्रम. गंमत अशी, की शेल सुप्राफोनिकसारखाच अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे आज कमी पैशात चांगला आवाज हवा असणारे वादक मुद्दाम जुना अ‍ॅक्रोलाइट शोधतात.

तारा शेलच्या बाहेरपर्यंत आलेल्या आणि दोन्ही बाजूंना मोठी यंत्रणा असेल, तर तो 'सुपर-सेन्सिटिव्ह'. सप्टेंबर १९६४ मध्ये लडविगनं रिंगोला सोन्याचा मुलामा दिलेला जो ड्रम भेट दिला, तो याच मॉडेलचा.

लाकडी शेल आणि ८ लग असतील, तर 'जॅझ फेस्टिव्हल' असण्याची शक्यता मोठी. रिंगोचा नेहमीचा स्नेअर हाच. लाकडी आणि ६ च लग असतील, तर 'पायोनियर'.

पितळ की अ‍ॅल्युमिनियम?

आता सगळ्यात महागडा प्रश्न. १९६० च्या आसपास जे क्रोमवाले ड्रम 'सुपर लडविग' नावानं निघाले, त्यांचा शेल पितळेचा होता. १९६३ च्या सुमारास कंपनीनं तो अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला आणि 'सुप्राफोनिक' हे नाव रूढ झालं. बाहेरून दोन्ही जवळपास जुळे. पण पितळी थोडी वर्षंच बनले, म्हणून दुर्मीळ.

ओळखायचं कसं?

एक, वजन. पितळेची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण तिप्पट. दोन्ही ड्रम एकापाठोपाठ एक उचलले तर फरक लगेच कळतो. एकच हातात असेल तर पुड्या, हूप काढून नुसता शेल तोला.

दोन, क्रोमची अवस्था. अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही. वर्षानुवर्षांनी त्यावर बारीक पुरळ येतं, फोड येतात, पापुद्रे सुटतात. जुन्या सुप्राफोनिकला हा आजार इतका नेहमीचा आहे, की तो दिसला तर उलट ड्रम खरा असल्याची खूण मानतात. पितळेवरचं क्रोम सहसा बरंच चांगलं टिकतं.

तीन, रंग. हवेच्या भोकाची कड किंवा जिथं क्रोम झिजलंय ती जागा टॉर्च लावून बघा. पिवळसर झाक आली तर पितळ, पांढुरकी-करडी आली तर अ‍ॅल्युमिनियम. मुद्दाम खरवडून मात्र बघू नका.

आणि चुंबक? हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धवट आहे. साधा चुंबक पितळेलाही चिकटत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमलाही नाही. त्यामुळे चुंबकानं एवढंच कळतं, की शेल पोलादी आहे की नाही. शिवाय क्रोमच्या खाली निकेलचा थर असतो, त्यामुळे जोरदार चुंबक किंचित ओढल्यासारखा वाटू शकतो. आणि चाचणी शेलवर करा, हूपवर नको, कारण हूप पोलादी असू शकतात.

लाकडी असेल तर आत डोकवा

लाकडी लडविगची खरी जन्मतारीख बऱ्याचदा आतच असते. साठच्या दशकातल्या अनेक लाकडी शेलच्या आत लाल शाईनं तारखेचा शिक्का मारलेला दिसतो. तो सापडला तर सीरियल नंबरापेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवा.

शिक्का नसेल तर आतला रंग बघा. साधारण १९६८ पर्यंत आतून पांढरा रंग देत. त्यानंतर काही शेल आतून पारदर्शक लेपाचे, तर काही ठिपक्यांच्या करड्या रंगाचे येऊ लागले. मग शेलची कड बघा. लाकडाचे तीन थर आणि वर-खाली आतून आधाराची कडी असतील, तर ड्रम १९७० च्या दशकाच्या मध्याआधीचा. सहा थर आणि आतली कडी नाही, तर १९७६ च्या आसपासचा किंवा नंतरचा.

बाकीचे भाग : साक्षीदार, पण फितूर होऊ शकतात

थ्रो-ऑफ बघा. साठच्या दशकात लडविगच्या नेहमीच्या स्नेअरवर 'पी-८३' नावाचा खटका असायचा, सत्तरच्या दशकात 'पी-८५'. पण खटका हा सतत हाताळला जाणारा भाग, तो मोडतो आणि बदलला जातो. म्हणून त्याच्या आजूबाजूला शेलवर रिकामी किंवा बुजवलेली भोकं आहेत का, ते शोधा. जादा भोक म्हणजे कुणीतरी काहीतरी बदललंय. किंमत तिथंच खाली येते.

पुडीवरून काळ ठरवायचा नाही. प्लास्टिकच्या पुड्या १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या, त्याआधी वासराचं कातडं असायचं. पण तबल्याची पुडी जशी वेळोवेळी बदलतात, तशीच ही पण बदलतात. १९२० च्या ड्रमवर परवाची पुडी असू शकते. त्याच न्यायानं पुडीवर छापलेलं किंवा रंगवलेलं कंपनीचं नाव हा काही पुरावा नाही.

काळ्या रंगाचा, नक्षी कोरलेला ड्रम मिळाला, तर मात्र जरा बसून घ्या. 'ब्लॅक ब्यूटी' म्हणून प्रसिद्ध असलेले लडविगचे पितळी, काळ्या निकेलचा मुलामा दिलेले आणि कोरीव कामाचे ड्रम मुळात १९२० च्या दशकातले. कंपनीनं ते सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा बनवायला घेतले. ओळख लगवर आहे. जुन्यांवर बारीक नळीसारखे लग, सत्तरच्या आवृत्तीवर मोठे, भरीव दिसणारे.

एक उदाहरण सोडवून बघू

ड्रम १४ बाय ५ इंच. क्रोम, १० लग, मध्ये उंचवटा. म्हणजे ४०० च्या घराण्यातला. बिल्ला कीस्टोन, त्यावर शिकागो. म्हणजे साठचं दशक. नंबर नाही. म्हणजे १९६३ पर्यंतचा असावा. खटका पी-८३, जादा भोक नाही. म्हणजे भाग मूळचे.

इथं घाईचा माणूस म्हणेल, पितळी सुपर लडविग सापडला! थांबा. नंबर नसलेले काही ड्रम अ‍ॅल्युमिनियमचेही आहेत, कारण दोन्ही बदल एकाच सुमारास झाले. शेल तोला, क्रोम बघा, भोकाची कड बघा. जड, क्रोम स्वच्छ, कड पिवळी, तर पितळी. हलका आणि पुरळ आलेला, तर सुरुवातीचा सुप्राफोनिक. तोही छान ड्रम आहे, पण ती दुसरी किंमत आहे.

सूत्र एवढंच. एका खुणेवर कधीच निकाल द्यायचा नाही. बिल्ला, नंबर, शेल, खटका आणि आतली बाजू, यातल्या किमान तीन गोष्टींनी एकच काळ सांगितला पाहिजे. एखादी वेगळं बोलत असेल तर ड्रम खोटा असेलच असं नाही, पण त्याची दुरुस्ती किंवा अदलाबदल झालेली असू शकते.

आपल्याकडे असा ड्रम येईल कुठून?

हा प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या जॅझ बँडमध्ये आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याच्या आणि पारशी वादकांची मोठी परंपरा आहे. केरसी लॉर्ड, लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ ही त्यातलीच नावं. त्याशिवाय हॉटेलांत, क्लबांत, लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे कितीतरी वादक होते, ज्यांची नावं कुठल्याच रेकॉर्डवर नाहीत. त्यांची वाद्यं आज नातवंडांच्या घरी पेट्यांत पडून असू शकतात.

अर्थात, माळ्यावरचा प्रत्येक ड्रम शिकागोचा नसतो. बँडच्या वाद्यांसाठी मेरठची जली कोठी प्रसिद्ध आहे आणि आपल्याकडचे साइड ड्रम बहुतेक देशीच असतात. बिल्ला नसेल, लगची ठेवण जुळत नसेल, तर उगाच स्वप्नं बघू नका.

आणि लाखांचा हिशोब मांडणाऱ्या त्या तिसऱ्या माणसासाठी : डिसेंबर २०१५ मध्ये रिंगोचा लडविग सेट लिलावात २१ लाख डॉलर्सना गेला, हे खरं. पण ती किंमत रिंगोची होती, फक्त लडविगची नाही.

तरीही तुमच्या पेटीतला ड्रम कुणाचा होता, तो कुठल्या बँडमध्ये वाजला, हे सांगू शकणारं माणूस घरात असेल, तर त्याला आजच विचारा आणि लिहून ठेवा. जुना फोटो, खरेदीची पावती, पेटीवर रंगवलेलं बँडचं नाव, सगळं जपा. मॉडेल आणि साल तुम्ही ड्रमवरून शोधून काढू शकता. वाजवणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच बिल्ल्यावर कोरलेलं नसतं.